सापडण्याची खात्री कशी निर्माण करावी: मद्यपी वाहनचालकांविरुद्धच्या नाकाबंदीची आखणी

दारू पिऊन चालवलेल्या गाडीने कोणाचा जीव घेतला की सर्वांत आधी मागणी होते ती शिक्षा वाढवण्याची. त्या मागणीमागचा संताप रास्त असतो आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यापुढे आकडेवारी मांडण्यात काही अर्थ नसतो. तथापि पुढचा अपघात टाळायचा असेल, तर रात्री साडेदहा वाजता धाब्यावरून उठून गाडीची चावी हातात घेणाऱ्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय चाललेले असते, याचा विचार करावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. त्याला पक्के ठाऊक असते ते एवढेच, की याच रस्त्याने आपण असेच अनेकदा घरी गेलो आहोत आणि कोणीही आपल्याला अडवलेले नाही.

त्याचा हा अनुभव कसा बदलावा, हा या लेखाचा विषय आहे. तालुक्याच्या किंवा मध्यम शहराच्या पातळीवर काम करणारे पोलीस अधिकारी, रस्ता सुरक्षा समितीचे सदस्य आणि नागरी संस्थांचे कार्यकर्ते यांना हाताशी असलेल्या मनुष्यबळात, कायद्यात कोणताही बदल न करता काय करता येईल, ते येथे क्रमाने सांगितले आहे. मद्यपी वाहनचालकांचे उदाहरण घेतले असले, तरी शिक्षेच्या भीतीचे जे तत्त्व त्यामागे आहे ते विनातिकीट प्रवासापासून वाळूचोरीपर्यंत बहुतेक ठिकाणी लागू पडते.

आधी चालकाचा हिशेब समजून घ्यावा

मिलान येथील सेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, असे मांडले की गुन्ह्याला आवर घालण्याचे काम शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणामुळे अधिक होते, आणि गुन्हा व शिक्षा यांत जितके कमी अंतर तितका त्यांचा संबंध मनात घट्ट बसतो. पुढे १९६८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी या विचाराला गणिती रूप दिले: सापडण्याची शक्यता गुणिले शिक्षेची किंमत. या गुणाकारात दोन्ही संख्यांना सारखेच वजन आहे असे वाटते. परंतु त्यानंतरच्या अर्धशतकात झालेल्या अभ्यासांचा डॅनियल नेगिन यांनी २०१३ मध्ये जो आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष बेक्कारियाच्या बाजूचा आहे. सापडण्याची शक्यता वाढल्याने गुन्हे कमी होतात याला भक्कम पुरावा मिळतो. आधीच मोठी असलेली शिक्षा आणखी वाढवल्याने ते कमी होतात याला मिळणारा पुरावा फारच क्षीण आहे.

असे का होते, हे साध्या आकडेमोडीने कळते. समजा, एखाद्या गावात प्यालेल्या चालकाची सापडण्याची शक्यता हजार फेऱ्यांत एक आहे. दर शनिवारी पिऊन गाडी चालवणारा माणूस वर्षाला सुमारे ५० फेऱ्या करतो, म्हणजे तो सरासरीने २० वर्षांतून एकदा सापडेल. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता; तो १०,००० झाला. हिशेबाने प्रत्येक फेरीमागची ‘किंमत’ २ रुपयांवरून १० रुपयांवर गेली. कागदावर दंड पाचपट झाला, पण त्या माणसाच्या शनिवारात काहीच बदलले नाही. आता दंड आहे तोच ठेवून शक्यता पन्नास फेऱ्यांत एक केली, तर तो वर्षातून एकदा सापडेल, त्याचे दोन मित्र सापडतील, आणि धाब्यावरच्या गप्पांचा विषय बदलेल.

आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे. माणूस प्रत्यक्ष शक्यतेवर वागत नाही, आपल्याला वाटणाऱ्या शक्यतेवर वागतो. आणि या दोहोंत बरेच अंतर असू शकते. ब्रिटनमध्ये ९ ऑक्टोबर १९६७ रोजी श्वासचाचणीचा कायदा लागू झाला, तेव्हा त्याची प्रसिद्धी एवढी झाली होती की आता पावलोपावली तपासणी होणार असे लोकांना वाटले. शनिवार-रविवारच्या रात्रीच्या अपघातांतील मृत व गंभीर जखमींची संख्या सुरुवातीला जवळपास दोन तृतीयांशांनी घटली. वास्तविक सरसकट चाचणीची तरतूद विरोधामुळे विधेयकातून आधीच वगळली गेली होती आणि पोलीस फार थोड्या चाचण्या घेत होते. हे लोकांच्या हळूहळू लक्षात आले, आणि काही वर्षांत अपघात पुन्हा पूर्वीच्या वळणावर गेले. लॉरेन्स रॉस यांनी केलेला हा अभ्यास प्रत्येक मोहीमप्रमुखाने लक्षात ठेवावा असा आहे, कारण आपल्याकडील बहुतेक मोहिमा याच वाटेने जातात: उद्‌घाटन, छायाचित्रे, पंधरवडाभर कारवाई आणि मग शांतता. केवळ गाजावाजाने भीती निर्माण होते, पण ती टिकवण्यासाठी लोकांना रस्त्यावर स्वतःच्या डोळ्यांनी तपासणी दिसावी लागते.

किती गाड्या अडवायच्या, हे आधी ठरवावे

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ पासून वाहनचालकांची सरसकट श्वासचाचणी सुरू केली. तेथे सुरुवातीच्या काळात वर्षाला सुमारे दहा लाख चाचण्या झाल्या, म्हणजे ढोबळमानाने दर तीन परवानाधारकांमागे एक. रस्त्यावरील मृत्यू लगेच आणि ठळकपणे कमी झाले आणि तपासणी सुरू राहिल्यामुळे ती घट टिकली. यश मिळाले ते सापडलेल्यांच्या संख्येमुळे नव्हे. न प्यालेल्या लाखो लोकांनाही आपण तपासले गेलो असा अनुभव आला आणि त्यांनी तो इतरांना सांगितला, यामुळे मिळाले.

हेच प्रमाण आपल्या गावाला लावून पाहावे. हद्दीत २०,००० परवानाधारक असतील, तर वर्षाला सुमारे ६,७०० गाड्या थांबवाव्या लागतील. आठवड्याला हा आकडा १३० च्या आसपास येतो, म्हणजे दोन नाकाबंद्या आणि प्रत्येकीत ६५ गाड्या. एक अधिकारी, तीन-चार अंमलदार आणि दोन चांगली श्वास विश्लेषक यंत्रे एवढ्या बळावर दोन तासांत हे काम होते. अनेक ठाण्यांत वर्षभरातले बहुतेक मनुष्यबळ ३१ डिसेंबरच्या एका रात्री लावले जाते. तेच बावन्न आठवड्यांत वाटले तर ही संख्या आवाक्यात येते. थर्टी फर्स्टला नाकाबंदी असणारच, हे प्रत्येकाला माहीत असते. त्यामुळे त्या एका रात्री लोक सावध राहतात आणि २ जानेवारीला निर्धास्त होतात. त्या रात्री बंदोबस्त अवश्य ठेवावा, पण गटारीच्या आधीचा आठवडा, धुळवड, लग्नसराई, गावची जत्रा आणि पगार झाल्यानंतरचा पहिला शनिवार या तारखाही वर्षाच्या आराखड्यात असाव्यात, आणि त्याबरोबर काहीही विशेष नसलेला एखादा मंगळवारही असावा.

आपल्या कायद्यात एक मर्यादा आहे आणि ती पाळूनच आखणी करावी. कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला श्वासाचा नमुना मागता येतो तो चालक प्याला असल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल तेव्हा. न्यू साउथ वेल्ससारखी सरसकट चाचणी त्यात बसत नाही. मात्र गणवेशातील अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना दाखवणे कलम १३० नुसार बंधनकारक आहे. तेव्हा नाक्यावर येणारी प्रत्येक गाडी, किंवा गर्दी जास्त असल्यास ठरवून दर तिसरी गाडी, परवान्यासाठी थांबवावी, चालकाशी काच खाली करून दोन वाक्ये बोलावीत आणि वास, बोलण्यातील जडपणा किंवा डोळ्यांची स्थिती यांवरून कारण दिसले तरच यंत्र पुढे करावे. जे कारण दिसले, ते नोंदवहीत त्याच वेळी लिहावे. याबाबत मोहिमेपूर्वी सहायक सरकारी अभियोक्त्यांशी एकदा बसून बोलणे हिताचे आहे.

ठिकाण रोज तेच असू नये

नाकाबंदी कोठे लावावी, या प्रश्नाला भारतातच, राजस्थानात, चांगले उत्तर मिळालेले आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि नीना सिंग यांनी राजस्थान पोलिसांबरोबर एक प्रयोग केला. नीना सिंग या स्वतः त्या राज्यातील आयपीएस अधिकारी. पुढे त्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. या प्रयोगात काही पोलीस ठाण्यांनी आपल्या हद्दीतील सर्वांत योग्य ठरलेल्या एकाच ठिकाणी नाकाबंदी लावली, तर काहींनी ती तीन ठिकाणी आलटून पालटून लावली. कोणाच्या वाट्याला कोणती पद्धत यावी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवले होते, त्यामुळे तुलना खात्रीची झाली. आलटून पालटून लावलेल्या नाकाबंदीमुळे रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागी लावलेल्या नाकाबंदीचा लक्षणीय परिणाम झाला नाही.

कारण उघड आहे. चालक शिकतात. चौकात नाका असतो हे कळल्यावर ते मागच्या शिवाररस्त्याने जातात, आणि तो रस्ता बहुधा अधिक अंधारा व धोक्याचा असतो. ठिकाण बदलते राहिले की ‘आज कुठे असतील’ याचे उत्तर त्यांच्याजवळ नसते. या अनिश्चिततेत सर्वच रस्ते संशयास्पद वाटू लागतात, आणि थोड्या पोलिसांत मोठा परिणाम साधतो तो येथेच.

प्रत्यक्षात हे असे करावे. ठाण्यातील गेल्या तीन वर्षांची अपघात नोंद किंवा ई-डार या अपघातांची तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या सरकारी संगणक प्रणालीतील माहिती काढून संध्याकाळी सातनंतरचे अपघात नकाशावर टिंबांनी मांडावेत. त्यांतून तीन ते पाच जागा निवडाव्यात आणि त्यांत एखादा पर्यायी, आडवाटेचा रस्ता जरूर घ्यावा. जागा, वार आणि वेळ यांच्या चिठ्ठ्या करून महिन्याचे वेळापत्रक सोडतीने ठरवावे आणि ते पाकिटात बंद ठेवावे; पथकाला त्या दिवशीचे पाकीट निघण्यापूर्वी अर्धा तास द्यावे. मुद्दाम सोडत सुचवतो, कारण माणसाने ‘मनाला येईल तसे’ ठरवलेले वेळापत्रक थोड्याच दिवसांत ओळखीचे होते: ठाण्याजवळची जागा, जेवणानंतरची वेळ, पावसात सुट्टी. पावसाळी रात्री नाकाबंदी कधीच नसते हे गावाला कळले, तर चार महिने मोहीम बंद ठेवल्यासारखेच आहे.

नाका लागल्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, याबद्दल अनेक अधिकारी वैतागतात. मला ते इतके वाईट वाटत नाही. पिणाऱ्यांच्या गटात ‘बायपासला पकडतायत’ असा निरोप आठवड्यातून दोनदा येऊ लागला, तर पोलिसांची प्रसिद्धी परस्पर होते. निरोप पोहोचून लोक वाट बदलतील तोवर पथकाने जागा बदललेली असावी, एवढी काळजी घ्यावी. एका रात्री एकाच जागी तीन तास उभे राहण्यापेक्षा दोन जागी प्रत्येकी एक तास उभे राहिलेले चांगले.

राजस्थानातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्थानिक ठाण्याच्या पथकांपेक्षा पोलीस लाइनमधून, म्हणजे राखीव पोलिसांतून, पाठवलेली पथके हे काम अधिक नियमितपणे करत होती. ठाण्यातील माणसाला दिवसभराची इतर कामे असतात, शिवाय त्याच हद्दीत ओळखीपाळखी असतात. शक्य असेल तेथे शेजारच्या ठाण्यांनी परस्परांच्या हद्दीत पथके द्यावीत.

चालकाचा निर्णय पहिल्या पेल्यापूर्वी होतो

भीतीला एक वेळ असते. दोन पेले पोटात गेल्यानंतर माणसाची जोखीम तोलण्याची शक्तीच मंदावते. त्या वेळी त्याला आकडे, कलमे किंवा फलक दिसूनही उपयोग नसतो. म्हणून मोहिमेचा निरोप पोहोचायला हवा तो दुपारी, घरातून निघताना, ‘गाडी कोण नेणार’ हे ठरत असताना. रस्त्याकडेला रात्री लावलेल्या फलकापेक्षा सायंकाळी पाच वाजता रिक्षाथांब्यावर, कारखान्याच्या फाटकावर किंवा महाविद्यालयाबाहेर सांगितलेली गोष्ट अधिक कामाची असते.

निरोपात काय सांगावे, यालाही महत्त्व आहे. ‘मद्यपान करून वाहन चालवणे दंडनीय गुन्हा आहे’ हे वाक्य सर्वांनी इतक्या वेळा वाचले आहे की ते आता कोणाला दिसतही नाही. त्याऐवजी खरी, ताजी आणि जवळची माहिती द्यावी: गेल्या आठवड्यात आपल्या शहरात चार ठिकाणी किती गाड्या थांबवल्या, किती चालक मर्यादेबाहेर आढळले, किती परवाने निलंबनासाठी पाठवले. कोणाचेही नाव किंवा चेहरा दाखवू नये. सापडलेल्यांची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकण्याची जी सवय लागली आहे ती अयोग्य आहे, कारण दोष सिद्ध होण्यापूर्वीच ती शिक्षा ठरते आणि तिने पोलिसांविषयीचा आदर कमी होतो. आकडा मात्र कधीही फुगवू नये. एकदा खोटा ठरलेला इशारा पुढच्या दहा खऱ्या इशाऱ्यांची किंमत घालवतो.

न्यू साउथ वेल्समध्ये रॉस होमेल यांच्या पाहणीतून एक मोलाची गोष्ट पुढे आली. तपासणीमुळे लोकांना मित्रांच्या आग्रहाला नकार देण्यासाठी एक सन्मानाची सबब मिळाली. आपल्याकडे ‘एक घेतल्याने काय होतंय’ या आग्रहापुढे अनेक जण केवळ भिडेखातर वाकतात. ‘आज गाडी माझ्याकडे आहे आणि नाका असतो’ हे उत्तर मित्रांनाही पटते, त्यात कोणाचा अपमान होत नाही. त्यामुळे हॉटेल आणि परमिट रूमच्या चालकांना मोहिमेत सामील करून घ्यावे, रात्री उशिरापर्यंत उपलब्ध असणाऱ्या रिक्षांचे क्रमांक मेजावर ठेवायला सांगावे आणि नगरपालिकेने रिक्षाचालकांशी बोलून रात्रीचे दर ठरवून घ्यावेत. घरी जाण्याची दुसरी सोयच नसेल, तर नुसती भीती घालून माणूस गाडी सोडत नाही. तो फक्त आडरस्ता शोधतो.

सापडल्यानंतरची साखळी तुटू देऊ नये

नाक्यावर सापडणे ही साखळीतली पहिली कडी आहे. त्यानंतर ‘साहेबांचा फोन’ आला आणि माणूस सुटला, किंवा तिथल्या तिथे मांडवली झाली, तर त्याने सापडण्याची भीती गमावली आणि शिवाय सुटण्याची युक्ती मिळवली. सुटण्याची गोष्ट सापडण्याच्या गोष्टीपेक्षा वेगाने पसरते, हे ज्याने ठाण्यात काम केले आहे त्याला सांगायला नको.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा लोकांचा क्षोभ अपघातानंतर पुढचे काही दिवस वाढतच गेला. अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निर्णय न्यायालय करील. परंतु पैसा आणि ओळख असेल तर पुरावाही बदलता येतो अशी समजूत एकदा रुजली, की ती दूर करण्यास शेकडो प्रामाणिक नाकाबंद्या कराव्या लागतात.

या साखळीचे रक्षण करण्याचे उपाय नीरस आहेत, पण तेच टाळले जातात. श्वास विश्लेषक यंत्राच्या अंशशोधनाचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे असावे आणि त्याची प्रत पथकासोबत असावी. मुदत संपलेल्या यंत्राची नोंद न्यायालयात पहिल्याच उलटतपासणीत कोसळते. प्रत्येक चालकासमोर नवी नळी उघडावी. यंत्र प्रत्येक चाचणीला अनुक्रमांक देते, त्यामुळे रात्री परतल्यावर एकूण चाचण्या, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम या मर्यादेवरील निष्कर्ष आणि दाखल खटले यांचा मेळ दुसऱ्या अधिकाऱ्याने घालावा. मर्यादेवरचा निष्कर्ष आहे पण खटला नाही, अशा प्रत्येक प्रकरणाचे कारण लेखी मागावे. अंगावरील कॅमेरे असतील तर ते पूर्ण वेळ चालू असावेत. रक्ताचा नमुना घ्यावा लागला तर तो कोणी घेतला, मोहोर कोणी लावली, प्रयोगशाळेकडे कोणी नेला, याची सही-वेळेसह नोंद हवी.

गाड्या निवडण्यातही पक्षपात दिसता कामा नये. नाक्यावर फक्त दुचाक्या अडवल्या जात असतील आणि काळ्या काचांच्या मोटारी हात दाखवून पुढे जात असतील, तर बघणारे दोन निष्कर्ष काढतात: मोटारवाल्याला भीती नाही, आणि दुचाकीवाल्यावर अन्याय आहे. दुसरा निष्कर्षही तितकाच घातक आहे, कारण नियम न्याय्य वाटतो तेव्हा बहुतेक माणसे पोलीस नसतानाही तो पाळतात. गाडीची चावी हिसकावणे, अरेतुरे करणे, चालत्या दुचाकीपुढे झेप घेणे हे प्रकार बंद व्हावेत. नाक्यावर पुरेसा उजेड, परावर्तक जाकिटे आणि दूरवरून दिसणारे शंकू असावेत. पोलिसांच्या जिवासाठी ते आवश्यक आहेत, आणि नाका लांबून दिसला म्हणजे न थांबवलेल्या चालकांनाही त्याची जाणीव होते.

शिक्षा लवकर होणे हा बेक्कारियाने सांगितलेला दुसरा भाग. कलम १८५ चा गुन्हा जागच्या जागी तडजोड शुल्क भरून मिटत नाही, चालकाला न्यायालयातच जावे लागते. ही अडचण नसून संधी आहे, जर खटला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उभा राहिला तर. सहा महिन्यांनी आलेली नोटीस त्या शनिवारच्या रात्रीशी जोडलीच जात नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांना विनंती करून आठवड्यातला एक ठरावीक दिवस या खटल्यांसाठी मिळतो का, हे पाहावे. परवान्याच्या निलंबनाचा प्रस्ताव परिवहन कार्यालयाकडे त्याच आठवड्यात जावा. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याची सूचना केलेली आहे. दंडापेक्षा निलंबनाला माझ्या मते जास्त महत्त्व द्यावे. दहा हजार रुपये एखाद्याला पार्टीच्या खर्चाचा भाग वाटू शकतात, तर एखाद्याचा महिन्याचा पगार असतो. तीन महिने गाडी न चालवणे मात्र दोघांनाही जाणवते.

दंडाच्या थकबाकीवर सवलत जाहीर करण्याचा मोह आवरावा. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाक्यांच्या थकीत चलनांवर ७५ टक्के आणि कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के सवलत दिली, तेव्हा वसुली भरपूर झाली. पण वेळेवर दंड भरणाऱ्याचे नुकसान झाले आणि थांबणाऱ्याचा फायदा झाला, हे सर्वांनी पाहिले. तेलंगणाला डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सवलत द्यावी लागली.

शिक्षा फार जड केल्याने साखळी तुटते, हेही विसरू नये. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये घरातून ४० शिलिंगांचा माल चोरल्यास फाशी होती. ज्युरीतील सामान्य माणसांना ते सहन होईना, म्हणून ते चोरीच्या मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवत. पुढे १८३० मध्ये खुद्द बँकचालकांनी बनावट कागदपत्रांसाठीची फाशी रद्द करण्याची मागणी संसदेकडे केली, कारण फाशीच्या भीतीने साक्षीदार आणि ज्युरी मागे हटत आणि गुन्हेगार सुटत. आपल्याकडचा अंमलदार ‘गरीब आहे, एवढा दंड कुठून भरेल’ म्हणून सोडून देतो, तेव्हा याच गोष्टीची पुनरावृत्ती होते.

ज्यांच्यापर्यंत भीती पोहोचत नाही

वरील सर्व उपाय पिण्यावर ज्यांचा ताबा आहे अशा लोकांसाठी आहेत. दारूच्या आहारी गेलेला माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सापडतो. त्याला जोखीम कळत नाही असे नाही, पण तो थांबू शकत नाही. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याने २००५ पासून अशा पुनःपुन्हा सापडणाऱ्यांसाठी दिवसातून दोनदा श्वासचाचणीची अट घातली. चाचणीत दारू आढळली की लगेच एक-दोन दिवसांची कैद होत असे, त्याहून जास्त नाही. बो किल्मर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात ज्या परगण्यांत ही पद्धत लागू झाली तेथे पुन्हा मद्यपी अवस्थेत गाडी चालवल्याबद्दलच्या अटका १२ टक्क्यांनी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आपल्याकडे अशी योजना नाही. तरीही दुसऱ्यांदा सापडलेल्यांची वेगळी यादी ठेवणे, अधिकाऱ्याने त्यांना प्रत्यक्ष बोलावून पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड आहे हे समजावणे, आणि त्याच भेटीत जिल्हा रुग्णालयातील व्यसनमुक्ती उपचाराचा किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जवळच्या सभेचा पत्ता देणे, एवढे कोणतेही ठाणे करू शकते. त्यांच्या घरच्यांनाही, चालकाच्या संमतीने, या भेटीत बसवावे.

परिणाम कसा मोजावा

नोंदवलेल्या खटल्यांची संख्या हे यशाचे माप मानू नये. मोहीम परिणामकारक असेल, तर काही महिन्यांनी सापडणारे कमी होतात, आणि ज्या अधिकाऱ्याकडून दरमहा वाढत्या खटल्यांची अपेक्षा केली जाते तो मग सोप्या जागी उभा राहून आकडा भरू लागतो. त्याऐवजी थांबवलेल्या दर शंभर चालकांमागे मर्यादेबाहेरचे किती, हे प्रमाण दर महिन्याला पाहावे.

अपघातांची तुलना करताना रात्री ८ ते २ या वेळेतील अपघात आणि त्याच रस्त्यांवरील दिवसाचे अपघात शेजारी शेजारी मांडावेत. रस्ता दुरुस्त झाला, पाऊस कमी पडला, वाहतूक घटली, तर दोन्ही कमी होतील; फक्त रात्रीचे कमी झाले तर मोहिमेचा वाटा असल्याचे मानता येईल. शेजारच्या, मोहीम नसलेल्या तालुक्याचे आकडेही सोबत ठेवावेत. लहान गावात अपघातांची संख्या मुळात थोडी असते आणि ती आपोआप खालीवर होत राहते, त्यामुळे एका महिन्याच्या घटीवर पत्रकार परिषद घेऊ नये.

सर्वांत आधी हलणारे आणि सर्वांत कमी मोजले जाणारे माप म्हणजे लोकांची समजूत. मोहीम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर दर तीन महिन्यांनी पेट्रोल पंप, रिक्षाथांबा, चहाची टपरी अशा ठिकाणी शंभरेक वाहनचालकांना नाव न विचारता एकच प्रश्न विचारावा: ‘या गावात दारू प्यालेला माणूस दहा रात्री गाडी घेऊन घरी गेला, तर तो किती रात्री अडवला जाईल?’ हे काम महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी उत्तम करतात, आणि गणवेशातल्या माणसाने विचारण्यापेक्षा त्यांना खरी उत्तरे मिळतात. उत्तराची सरासरी वाढत असेल तर मोहीम पोहोचते आहे. ती वाढलेली नसेल आणि नोंदवहीत नाकाबंद्या मात्र भरपूर असतील, तर जागा पुन्हा ओळखीच्या झाल्या आहेत, वेळ ठरावीक झाली आहे किंवा सोडून देण्याचे प्रकार चालू आहेत. या क्रमाने तपासून चिठ्ठ्यांमध्ये दोन नव्या जागा घालाव्यात, पथक बदलावे आणि पुढच्या तिमाहीत तोच प्रश्न पुन्हा विचारावा.